शिशूंमधील स्वमग्नतेची वर्तनाधारित प्राथमिक तपासणी : वैद्यांचे कर्तव्य आणि मर्यादा

प्रस्तावना

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे असे अंग आहे की, ज्यात रुग्ण स्वतःची व्यथा स्वतः सांगू शकत नाही. वैद्याला पाहावे लागते, स्पर्शाने जाणावे लागते आणि मातेला विचारावे लागते. ही कला आपणांस परंपरेने मिळाली आहे. प्रस्तुत लेखात ती कला एका विशिष्ट हेतूसाठी कशी उपयोगात आणता येईल, याचा विचार आम्ही करीत आहोत. तो हेतू म्हणजे दीड ते अडीच वर्षांच्या बालकांतील स्वमग्नतेची, म्हणजेच ऑटिझमची, प्रारंभिक चिन्हे वेळेवर ओळखणे.

हा विषय सर्वसामान्य वैद्यव्यवसायाच्या बाहेरचा आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. नागपूर व परिसरात पुष्य नक्षत्राच्या दिवशी सुवर्णप्राशनासाठी बालकांची जी रांग वैद्यांच्या दारी लागते, ती सर्वांच्या परिचयाची आहे. पुष्य नक्षत्र सुमारे २७ दिवसांनी, म्हणजे वर्षातून १३ ते १४ वेळा येते. जी माता प्रत्येक वेळी बालकास आणते, तिच्या बालकास तो वैद्य वर्षभरात इतक्या वेळा पाहतो. लसीकरण दुसऱ्या वर्षात विरळ होत जाते आणि ताप-खोकला नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे कोणी जात नाही. अशा वेळी निरोगी समजल्या जाणाऱ्या बालकास नियमित पाहणारा चिकित्सक बहुधा वैद्यच असतो. त्याच रांगेत एखादी माता हळूच विचारते, "डॉक्टर, हा अजून बोलत नाही हो, बुद्धीसाठी काही द्याल का?" या प्रश्नाचे उत्तर आपण कसे देतो, यावर त्या बालकाची पुढील दोन वर्षे अवलंबून असतात.

संहितोक्त आधार

काश्यपसंहितेची नेपाळमध्ये उपलब्ध झालेली खंडित प्रत १९३८ साली मुद्रित होऊन प्रकाशात आली. तिच्या सूत्रस्थानातील वेदनाध्याय हा या विषयाचा मूलाधार मानावयास हरकत नाही. बोलता न येणाऱ्या बालकाच्या वेदना त्याच्या हालचालींवरून कशा ओळखाव्यात, हे तेथे सांगितले आहे. डोके दुखत असता बालक मस्तक इकडेतिकडे हलविते व डोळे मिटते. कान दुखत असता हाताने कानास स्पर्श करते, इत्यादी. म्हणजेच वर्तनावरून आंतरिक स्थितीचे अनुमान करणे ही आपली जुनी रीत आहे.

याच संहितेत फक्क रोगाचे वर्णन करताना, एक वर्षाचे होऊनही जे बालक पायांनी चालत नाही त्यास फक्क म्हणावे, असे सांगितले आहे. येथे विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे विकासास लावलेली वयाची मर्यादा. अमुक वयापर्यंत अमुक क्षमता आली नाही तर 'येईल पुढे' असे म्हणून थांबू नये, ही दृष्टी तीत आहे. चरकाचार्यांनी शारीरस्थानात बालकाची खेळणी कशी असावीत, ती आवाज करणारी, हलकी, टोकदार नसलेली व तोंडात न जाणारी असावीत, हे सांगितले असून बालकास भीती दाखवू नये असेही बजावले आहे.

स्वमग्नतेस संहितेतील कोणत्या व्याधीशी जोडावे, याविषयी अलीकडे पुष्कळ लेखन झाले आहे. उन्मादाच्या व्याख्येत मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठ भावांचा विभ्रम सांगितला आहे. निरीक्षणाची आठ अंगे म्हणून या यादीचा उपयोग निश्चित होतो. परंतु स्वमग्नता म्हणजेच उन्माद, असे समीकरण मांडणे आम्हांस योग्य वाटत नाही. पूर्वी प्राप्त असलेल्या बुद्धी-आचाराचा भ्रंश होणे वेगळे आणि विकासाची वाटच जन्मापासून निराळी असणे वेगळे. नामसाम्याच्या मोहात पडून चिकित्सासूत्र ठरविले तर बालकाचे हित होत नाही. रोगाचे नाव माहीत नसल्यास वैद्याने लाजू नये, ही चरकाचार्यांची शिकवण येथे आठवावी.

स्वमग्नता म्हणजे काय

१९४३ साली अमेरिकेतील लिओ कॅनर यांनी ११ बालकांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे प्रथम सविस्तर वर्णन केले. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पाचव्या नियमावलीत तिचे सर्व प्रकार 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' या एका नावाखाली एकत्र करण्यात आले. निदानासाठी दोन गटांतील लक्षणे पाहिली जातात. पहिला गट सामाजिक संवाद व परस्परसंबंधातील उणिवांचा. दुसरा गट तोच तोपणा असलेल्या हालचाली, ठरावीकपणाचा आग्रह, मर्यादित पण तीव्र आवडी आणि आवाज, स्पर्श, प्रकाश इत्यादींना मिळणाऱ्या अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसादाचा.

भारतातील प्रमाणाविषयी २०१८ साली प्रसिद्ध झालेला इनक्लेन संस्थेचा अभ्यास महत्त्वाचा आहे. पलवल, कांगडा, धेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा या पाच ठिकाणी २ ते ९ वयोगटातील ३,९६४ बालकांची तपासणी त्यात झाली. स्वमग्नतेचे प्रमाण सुमारे शंभरात एक असे त्यावरून समजते. अर्थात ज्या वैद्यांकडे सुवर्णप्राशनासाठी दोन-तीनशे बालके येतात, त्यांच्या समोरून अशी दोन-तीन बालके जात असणे स्वाभाविक आहे. मुलींपेक्षा मुलांमध्ये निदान सुमारे चौपट होते. मात्र मुलींची लक्षणे झाकली जातात, हेही स्मरणात ठेवावे. थोरल्या भावंडास स्वमग्नता असल्यास धाकट्यात तिची शक्यता सुमारे पाचात एक इतकी असते. अशा घरातील धाकट्या बालकाकडे तक्रार नसतानाही लक्ष द्यावे.

कारणांमध्ये अनुवंशिक घटकांचा वाटा मोठा आहे. मातेच्या प्रेमाच्या अभावामुळे स्वमग्नता होते, हे गेल्या शतकातील मत केव्हाच त्याज्य ठरले आहे. लसीमुळे स्वमग्नता होते हा समजही निराधार आहे. ज्या लेखामुळे तो पसरला, तो १९९८ सालचा १२ बालकांवरील लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. आणि २०१९ साली डेन्मार्कमधील ६,५७,४६१ बालकांच्या अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेला लसीशी कोणताही संबंध आढळला नाही. आपल्या व्यवसायातील कोणीही या समजास खतपाणी घालू नये.

वयानुसार पाहावयाची चिन्हे

सर्वसामान्यतः पालक 'बोलत नाही' ही तक्रार घेऊन येतात. परंतु बोलणे हे संवादाचे शेवटचे फळ आहे. त्याआधी नजर, हास्य, हावभाव आणि बोटाने दाखविणे या पायऱ्या असतात. म्हणून वैद्याने शब्दांआधी पुढील गोष्टींचा शोध घ्यावा.

१) बारा महिने : बालक 'बाबा-दादा' अशी बडबड करते काय? टाटा करणे, हात जोडून 'जय बाप्पा' करणे, हवी ती वस्तू दाखविणे यांपैकी काही करते काय? नावाने हाक मारल्यावर वळून पाहते काय?

२) सोळा महिने : अर्थपूर्ण असा एक तरी सुटा शब्द आहे काय?

३) अठरा महिने : स्वतःस आवडलेली गोष्ट दुसऱ्याने पाहावी म्हणून बोट दाखविते काय? आपण बोट दाखविले असता त्या दिशेने पाहते काय? बाहुलीला मम्मं भरविणे, रिकाम्या कपातून चहा पिणे असा खोटा-खोटा खेळ करते काय?

४) चोवीस महिने : स्वतःहून दोन शब्द जोडते काय? केवळ ऐकलेले वाक्य पोपटासारखे म्हणणे यात धरू नये.

५) कोणतेही वय : आलेले शब्द, हसणे, टाटा करणे किंवा लोकांत मिसळणे नाहीसे झाले आहे काय? हे चिन्ह सर्वांत गंभीर मानावे व बालकास त्वरित पुढे पाठवावे.

बोट दाखविण्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. बालक फळीवरील बिस्किटाकडे बोट करते ते मागण्यासाठी. तेच बालक गच्चीवरून चंद्राकडे किंवा रस्त्यावरील गायीकडे बोट करते आणि मग वळून आईच्या तोंडाकडे पाहते, ते दाखविण्यासाठी. चंद्र त्याला हवा नसतो. आईनेही तो पाहावा एवढेच हवे असते. हे दुसऱ्या प्रकारचे बोट स्वमग्न बालकात बहुधा उशिरा येते किंवा येत नाही. कित्येक बालके बोट न दाखविता आईचे मनगट धरून तिचा हात डब्यावर नेऊन ठेवतात. 'त्याला सगळे समजते, हाताला धरून नेतो' असे पालक कौतुकाने सांगतात. वैद्याने मात्र त्याची नोंद घ्यावी. १९९४ साली ऑस्टरलिंग व डॉसन यांनी पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती तपासल्या असता, बोट दाखविणे, वस्तू दाखविणे, दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहणे आणि नावास प्रतिसाद देणे या चार गोष्टींत पुढे स्वमग्न ठरलेली बालके वेगळी दिसली होती.

हात फडफडविणे, पंजांवर चालणे, गाडी चालविण्याऐवजी तिचे चाक डोळ्यांजवळ धरून फिरवीत बसणे, वस्तूंची रांग लावणे, पंख्याकडे टक लावणे, कुकरच्या शिट्टीने कान झाकणे ही दुसऱ्या गटातील चिन्हे होत. यांतील एखादे चिन्ह निरोगी बालकातही दिसते. पहिल्या गटातील उणिवांसह ती दिसली तर त्यांचे महत्त्व वाढते.

चिकित्सालयातील दहा मिनिटांचे निरीक्षण

पुष्य नक्षत्राच्या गर्दीत हे निरीक्षण होणार नाही. शंका आलेल्या बालकास वेगळ्या दिवशी, त्याची झोप व खाणे झालेले असताना बोलवावे. टेबलामागे न बसता सतरंजीवर बालकाच्या पातळीवर बसावे. आई जवळ असावी. साहित्य साधे : एक चेंडू, चावीची मोटार, भातुकलीतील कप-बशी, बाहुली, झाकण घट्ट बसणारी पारदर्शक बरणी. पुढील क्रम आम्ही उपयुक्त मानतो.

पहिली पायरी : बालक खेळात असताना मागच्या बाजूने त्याचे घरातील लाडके नाव घेऊन हाक मारावी. दोन-तीन वेळा प्रयत्न करावा. नंतर आईकडून हाक मारवावी.

दुसरी पायरी : बालकाचे लक्ष वेधून, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडील वस्तूकडे बोट दाखवून 'अरे, ते बघ!' असे म्हणावे. बालक आपल्या बोटाकडेच पाहते, की बोट जिकडे आहे तिकडे पाहते, हे टिपावे.

तिसरी पायरी : मोटार चावी देऊन सोडावी, ती थांबली की आपणही स्तब्ध राहावे. बालक मोटार आपल्या हाती देऊन तोंडाकडे पाहते, की केवळ हात ओढते, की तिथून निघून जाते?

चौथी पायरी : बरणीत आवडीची वस्तू घालून झाकण लावावे व बालकास द्यावी. मदत मागण्याची त्याची रीत पाहावी.

पाचवी पायरी : कप-बशी पुढे ठेवून 'मला चहा देतोस?' असे विचारावे. न केल्यास एकदा करून दाखवावे व अनुकरण होते काय ते पाहावे.

सहावी पायरी : पदराआड किंवा हातांआड तोंड लपवून 'भोः' करण्याचा खेळ खेळावा. बालक हसते काय, आणि 'पुन्हा कर' असे नजरेने सांगते काय?

बालक अनोळखी व्यक्तीस घाबरून गप्प राहणे हे स्वाभाविक आहे. म्हणून एका भेटीत निष्कर्ष काढू नये आणि आईला 'घरी असे करतो काय' हे प्रत्येक पायरीनंतर विचारावे. शक्य असल्यास घरातील खेळाचे दोन मिनिटांचे चित्रीकरण मोबाइलवर करून आणावयास सांगावे. हे निरीक्षण निदानाची प्रमाणित कसोटी नव्हे; पुढे पाठवावे की नाही, एवढेच ठरविण्यापुरता त्याचा उपयोग आहे.

प्रश्नावली आणि तिचा अर्थ

१९९२ साली ब्रिटनमध्ये सायमन बॅरन-कोहेन व सहकाऱ्यांनी १८ महिन्यांच्या बालकांसाठी 'चॅट' ही तपासणी तयार केली. तिच्यापासून २००१ साली 'एम-चॅट' व पुढे २० प्रश्नांची सुधारित 'एम-चॅट-आर/एफ' ही पालकांनी भरावयाची प्रश्नावली सिद्ध झाली. ती १६ ते ३० महिने वयासाठी आहे. गुण ० ते २ आल्यास धोका कमी. बालक दोन वर्षांखालील असल्यास दुसऱ्या वाढदिवसानंतर पुन्हा तपासावे. ३ ते ७ गुणांस ठरलेली पूरक मुलाखत घ्यावी व त्यानंतरही २ किंवा अधिक गुण राहिल्यास पुढे पाठवावे. ८ किंवा अधिक गुण आल्यास मुलाखतीसाठी न थांबता पाठवावे. प्रश्नावली अधिकृत स्वरूपातच वापरावी, प्रश्न मनाने बदलू वा गाळू नयेत. अमेरिकन बालरोग अकादमीने २००७ सालापासून १८ व २४ महिन्यांना अशी तपासणी सर्वच बालकांत करण्याची शिफारस केली आहे.

हिच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे १६,००० बालकांच्या अभ्यासात, मुलाखतीनंतरही ज्यांचे गुण अधिक राहिले त्यांपैकी ४७.५ टक्के बालके स्वमग्न ठरली आणि ९४.६ टक्के बालकांत कोणता ना कोणता विकासविषयक प्रश्न होता. म्हणजे स्वमग्नता नसली तरी पाठविणे बहुधा वाया जात नाही. याउलट २०१९ साली फिलाडेल्फिया येथील सुमारे २६,००० बालकांच्या अभ्यासात, दैनंदिन व्यवहारातील वापरात पुढे स्वमग्न ठरलेल्या बालकांपैकी केवळ ३८.८ टक्के बालके या प्रश्नावलीने हेरली गेली. सोप्या भाषेत, दहा स्वमग्न बालकांपैकी सहा निसटली. यावरून दोन नियम निघतात. प्रश्नावली 'ठीक' आली तरी मातेची शंका फेटाळू नये. आणि प्रश्नावली 'धोका' दाखविते म्हणून बालकास स्वमग्न म्हणू नये.

निदानासाठी भारतात २ ते ९ वयोगटासाठी इनक्लेनची निदानपद्धती आहे. तसेच सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेत सिद्ध झालेली ४० मुद्द्यांची 'इसा' ही भारतीय मापनश्रेणी तीव्रता ठरविण्यासाठी वापरतात. ही दोन्ही साधने प्रशिक्षित तज्ज्ञांची आहेत, हे सांगणे नलगे.

आधी काय वगळावे

'हाक मारली तर पाहत नाही' या लक्षणात प्रथम श्रवणदोष वगळावा. घरात भांडे पडल्यावर दचकतो म्हणून ऐकू येते, असे समजू नये. विशिष्ट स्वरांचाच बहिरेपणा असू शकतो. ओ.ए.ई. व बेरा या चाचण्या कोणत्याही वयात होतात. त्यानंतर दृष्टिदोष, थायरॉइडची जन्मजात न्यूनता, पांडू, आकडीचा इतिहास, कमी दिवसांचा जन्म, जन्मतः न रडणे, तीव्र कावीळ यांची चौकशी करावी. मृद्भक्षणाची सवय असल्यास रक्तातील शिसे तपासून घ्यावे. त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे.

नागपुरात घरी मराठी किंवा वऱ्हाडी, गल्लीत हिंदी आणि शाळापूर्व वर्गात इंग्रजी अशी स्थिती असते. दोन-तीन भाषांमुळे बालक गोंधळते व बोलत नाही, हा समज बरोबर नाही. सर्व भाषांतील शब्द एकत्र मोजावेत. भाषा कितीही असल्या तरी निरोगी बालक नजर, हावभाव व बोटाने संवाद साधतेच. मोबाइलविषयीही समतोल राखावा. दोन वर्षांखाली पडदा टाळावा व दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा अधिक नको, असे भारतीय बालरोग अकादमीचे मार्गदर्शन आहे. ते पालकांना अवश्य सांगावे. पण 'मोबाइल बंद करा, तीन महिन्यांनी पाहू' असे म्हणून तपासणी लांबवू नये. मोबाइल बंद करणे व पुढे पाठविणे ही दोन्ही कामे एकाच दिवशी व्हावीत.

पालकांशी बोलताना

पहिल्या भेटीत 'ऑटिझम' हा शब्द निदानासारखा उच्चारू नये, तसेच 'काही नाही, मुलगे उशिराच बोलतात, याचे वडीलही उशिरा बोलले' असेही म्हणू नये. पहिल्याने घाव बसतो, दुसऱ्याने वेळ जातो. 'ताई, बाळाची नजर व हावभाव वयाच्या मानाने थोडे मागे वाटतात. कारण अनेक असू शकतात. कानाची तपासणी व विकासाची तपासणी या महिन्यातच करून घेऊ' असे स्पष्ट व सौम्य बोलावे. आजी-आजोबांना शक्यतो सोबत बोलवावे, कारण आपल्या घरांत तपासणीचा निर्णय एकट्या आईच्या हाती क्वचितच असतो. आईने नोकरी केली, ग्रहणात बाहेर पडली, पुरेसे बोलली नाही असे आरोप तिच्यावर होत असतात. हे आरोप खोटे आहेत, असे वैद्याने सर्वांसमक्ष सांगितले तर त्या घरावर मोठे उपकार होतात.

औषधयोजना आणि औषधविक्रेते

आमच्या मते खरा प्रश्न येथे आहे. बोलण्यासाठी वेखंड, बुद्धीसाठी ब्राह्मीघृत, सारस्वतारिष्ट अशी मागणी दुकानात थेट येते आणि ती पुरविली जाते. बाटली संपते, दुसरी नेली जाते. त्यात सहा-आठ महिने सरतात. औषधाने अपाय झाला नाही असे आपण म्हणतो, पण दीड ते तीन वर्षे या वयात मेंदूची ग्रहणक्षमता सर्वाधिक असताना गेलेले महिने हाच अपाय होय. म्हणून विक्रेत्यांनी पुढील पथ्य पाळावे, अशी आमची विनंती आहे.

१) तीन वर्षांखालील बालकाच्या 'बोलत नाही' या तक्रारीवर वैद्याच्या चिठ्ठीशिवाय औषध देऊ नये. 'कान तपासला काय?' हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

२) आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्य असते, शिशूस ती परस्पर देऊ नयेत.

३) रसौषधी व भस्मयुक्त कल्प शिशूंना केवळ वैद्याच्या देखरेखीखाली, विश्वसनीय निर्मात्याचे व परीक्षण झालेलेच द्यावेत. २००४ साली बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि आपल्या शास्त्राची जगभर अपकीर्ती झाली, हे विसरून चालणार नाही.

४) 'ऑटिझम बरा करणारे' असा दावा असलेले कोणतेही उत्पादन दर्शनी भागात ठेवू नये. असा दावा सिद्ध झालेला नाही.

मग आयुर्वेदास येथे स्थान नाही काय? आहे. स्वमग्न बालकांत मलावष्टंभ, अनिद्रा, अरुची व निवडक खाणे यांचा त्रास वारंवार आढळतो. अग्नी, कोष्ठ व निद्रा यांकडे लक्ष देणे, दिनचर्या घालून देणे, बालकास सोसत असेल तर मातेच्या हातून अभ्यंग करविणे, यांनी बालकाचे व घराचे स्वास्थ्य सुधारते. परंतु हे सर्व वाचा व वर्तनविषयक उपचारांच्या जोडीने करावे, त्यांच्या ऐवजी नव्हे. सुवर्णप्राशन घेत असलेल्या बालकाबाबतही हेच तत्त्व लागू आहे.

पुढील मार्ग

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथे झाला. जन्मतः दोष, न्यूनता, रोग आणि विकासातील विलंब या चार गोष्टींसाठी जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या बालकांची तपासणी त्यात होते व विकासविलंबाच्या यादीत स्वमग्नताही आहे. विशेष म्हणजे, या कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका व एक औषधनिर्माता अशी रचना आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा हे पथक जाते. म्हणजे शासनाने ही जबाबदारी आपल्या पदवीधारकांवर आधीच सोपविली आहे. संशयित बालकांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. त्याखेरीज नागपुरात मेडिकल, मेयो व मिहान येथील एम्स या शासकीय रुग्णालयांत बालरोग, कान-नाक-घसा व मानसोपचार विभाग आहेत. चिठ्ठीत केवळ 'बोलत नाही' असे न लिहिता वय, निरीक्षणातील सहा पायऱ्यांचा प्रतिसाद, प्रश्नावलीचे गुण व पालकांची शंका लिहावी. एका महिन्याने 'गेलात काय?' हे आवर्जून विचारावे. पुष्य नक्षत्राची पुढील भेट त्यासाठी आयतीच असते.

निदान होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. २०१६ साली गोवा व रावळपिंडी येथील ६५ बालकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. गोव्यात 'संगाथ' या संस्थेमार्फत, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना सहा महिन्यांत १२ सत्रांतून बालकाशी संवाद साधण्याची रीत शिकविली. सर्वच मोजमापांत सुधारणा दिसली नाही. परंतु पालकांचा बालकास मिळणारा अनुरूप प्रतिसाद आणि बालकाने स्वतःहून सुरू केलेला संवाद वाढला. बालक ज्या खेळात रमले आहे त्यात आपण सामील व्हावे, त्याच्या नजरेसमोर बसावे, थोडके शब्द वापरावेत, उत्तरासाठी थांबावे, एवढे तर वैद्य पहिल्याच दिवशी सांगू शकतो.

पालकांना हेही सांगावे की, अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे आणि राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळू शकतो. प्रमाणपत्र मात्र अधिसूचित वैद्यकीय प्राधिकाऱ्यांकडूनच घ्यावयाचे असते.

उपसंहार

सारांश, वैद्याने स्वमग्नतेचे निदान करावे अशी अपेक्षा नाही. ती बरी करण्याचे आश्वासन तर मुळीच देऊ नये. त्याने हाक मारावी, बोट दाखवावे, कप पुढे करावा आणि बालक काय करते ते लक्षपूर्वक पाहावे. शंका आली तर त्याच आठवड्यात कान तपासावयास व विकासतज्ज्ञांकडे पाठवावे आणि त्यानंतरही त्या कुटुंबाचा हात सोडू नये. सुवर्णप्राशनाच्या नोंदपत्रकावर वजन व उंचीच्या शेजारी 'हाकेस ओ', 'बोटाने दाखविणे' व 'शब्द' असे तीन रकाने वाढविण्यास काहीच खर्च येत नाही. येत्या पुष्य नक्षत्रापासून सर्व वैद्यबंधुभगिनींनी ते वाढवावेत, अशी आमची नम्र सूचना आहे.